पाचामुखी सरबत

आपल्याला नातेवाईक नक्की किती आहेत, हे पाचगणीत राहणाऱ्या माणसाला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कळतं. पुण्यात पारा चाळिशीला टेकला, की फोन सुरू होतात. "काय म्हणते तुमची हवा?" हा प्रश्न हवेविषयी नसतो, गाद्यांविषयी असतो. "बरी आहे" असं आपण म्हणालो, की पलीकडून "मग शनिवारी निघतोच" असं उत्तर येतं. गेली पस्तीस वर्षं मी इथल्या एका शाळेच्या कचेरीत फीच्या पावत्या फाडल्या आणि आता सेवानिवृत्त होऊन पाहुण्यांच्या उश्या मोजतो. तक्रार नाही. सव्वाचार हजार फुटांवर फुकट राहायची सोय असलेला नातेवाईक मलाही असता, तर मीही त्याच्यावर असंच प्रेम केलं असतं.

पण यंदा मला भांडायचं आहे, आणि तेही एका पेयावरून.

यंदाच्या मेमध्ये आमचे साडू आले ते सहकुटुंब आणि एक चामड्याची पेटी घेऊन. पेटी ज्या काळजीनं त्यांनी ओसरीवर ठेवली ती पाहून मला वाटलं, आत रक्तदाब मोजायचं यंत्र असावं. निघाला एक स्टीलचा उंच डबा, एक लांब दांड्याचा चमचा, एक वळवळीत तार लावलेली गाळणी आणि डमरूसारखं एक माप.

"याला जिगर म्हणतात," डमरू दाखवत साडू म्हणाले.

"केवढी असते?"

"साठ मिली."

माणसाची जिगर साठ मिली भरते हे ज्ञान मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी झालं. साडूंनी म्हणे पुण्यात रविवारच्या सकाळी एक वर्गच केला होता, 'उन्हाळी संध्याकाळची घरगुती कॉकटेलं' या विषयावर. "भाऊसाहेब, रिलॅक्स व्हायला शिकलं पाहिजे आपण," ते मला म्हणाले. पाचगणीच्या माणसाला पुण्याच्या माणसानं निवांतपणा शिकवावा, हे म्हणजे वाईच्या माणसाला कृष्णा दाखवण्यासारखं आहे. पण पाहुणा. मी गप्प राहिलो. सौ.नं मात्र पेटीतली जिनची बाटली बघून "भाऊजी, ही देव्हाऱ्याकडे नको हं," एवढंच सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी साडूंनी आम्हा पाचजणांना, म्हणजे मी, सौ., मेहुणी, त्यांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव आणि ते स्वतः, गावाबाहेरच्या एका रिसॉर्टवर नेलं. "आधी नमुना बघा, मग मी घरी करून दाखवतो." बायका बरोबर म्हणून मॉकटेल मागवली. पाच उंच पेले आले. तळाला निळं, मध्ये काहीच नाही, वर लाल. काठावर संत्र्याची चकती आणि तिच्यावर एक कागदी छत्री. मे महिन्यात पाचगणीत छत्री फक्त त्या पेल्यालाच होती. चव? लहानपणी खोकल्याच्या औषधाची बाटली संपत आली की आई तिच्यात पाणी घालून हलवायची आणि शेवटचा डोस द्यायची. ती चव, पण बर्फ घालून. लाल काय आहे म्हणून वेटरला विचारलं तर म्हणाला, "स्ट्रॉबेरी, सर." मे अर्धा सरला होता. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून उन्हाळा तापेपर्यंतची. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. मेच्या मध्यावर तिची शेतं बहुतेक उरकलेली असतात. ती पेल्यात येते ती बाटलीतून. बाटलीवर माझा राग नाही. इथे १९५९ पासून फळं बाटलीत भरायचा धंदा चालू आहे आणि त्यावर पुष्कळ घरं उभी राहिली. फळाचा मोसम संपला की बाटली उघडावी. पण दुसऱ्या फळांचा मोसम दारात उभा असताना?

बिल साडूंनी दिलं. एका पेल्याला तीनशे नव्वद. पाचांचे, कर धरून, दोन हजारांच्या वर. शिवाय शंभराची नोट ताटलीत ठेवून ते उठले. माणूस दिलदार, यात शंका नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझं पहिलं भांडण 'मॉकटेल' या शब्दाशी. मॉकटेल म्हणजे दारू नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं सरबत. आपल्या आज्यांनी शतकानुशतकं पन्हं केलं, कोकम केलं, लिंबाचं सरबत केलं. पण "क्षमा करा, यात दारू नाही" असं म्हणून कुणी पेला पुढे केला नाही. दुधाच्या पिशवीवर कुणी 'विषविरहित' छापतं का? ज्या पेयाची ओळख त्याच्यात काय नाही यावरून करून द्यावी लागते, ते पेय बिचारं जन्मभर न्यूनगंडात वाढतं. मग छत्री लावून हिंडतं.

कुणी म्हणेल, मी सोवळा आहे. मुळीच नाही. दारूशी माझं भांडण नाही, ते सौ.चं आहे. आमच्या लहानपणी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल होता. प्यायची तर परवाना हवा आणि परवाना प्रकृतीच्या कारणानं. त्यामुळे मध्यमवर्गात दारुडा असा कुणी नव्हताच, सगळे आजारी होते. आमचे एक मामा कागदोपत्री इतके आजारी होते, की त्यांच्या लाल गालांकडे बघून लोकांना आश्चर्य वाटे. परवाना कायद्याच्या पुस्तकात आजही आहे, फक्त आजारी माणसं कमी झाली. तेव्हा ज्याला घालायची त्यानं आपापल्या पेल्यात घालावी. माझं म्हणणं एवढंच, की ती सहावी वस्तू आहे. आधीच्या पाच नीट जमल्या तर सहावीची आठवण होत नाही, आणि त्या बिघडल्या तर सहावी काही त्यांना तारत नाही.

पाच कुठल्या ते सांगतो. पण त्याआधी थोडा इतिहास ऐकावा लागेल. सेवानिवृत्त माणसाच्या हातचं सरबत इतिहासाशिवाय मिळत नसतं.

'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात १८०६ साली आली. तिच्यात जिन्नस चार: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. आता त्याच्याही आधीचं, साहेबाचं आवडतं मिश्रपेय म्हणजे 'पंच'. कंपनीच्या एका इंग्रजानं १६३२ साली हिंदुस्थानात लिहिलेल्या पत्रात हा शब्द सापडतो. त्याच्यात जिन्नस पाच: अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. आणि पाच म्हणून 'पंच'. एक पक्ष हा शब्द इंग्रजी पिंपाच्या नावावरून आणतो; पण पुष्कळ कोश मान देतात तो आपल्या 'पाच'ला. मी अर्थातच पुष्कळांच्या बाजूचा. म्हणजे बघा, जगभरच्या कॉकटेलांचं पणजोबा-पेय आपल्या आकड्यावरून बारसं झालेलं. वय पावणेदोनशे वर्षांनी जास्त आणि जिन्नसही एक जास्त!

आणि पाचगणी हे नाव तरी काय? १८६० नंतर जॉन चेसन नावाचा साहेब उन्हाळ्यात राहायला थंड जागा शोधत इकडे आला. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा त्याच्या मनात भरली. पाच गावांची पाचगणी. आता पाच गावांच्या गावात, पाच माणसांनी, पाच जिनसांचं पेय सोडून निळं पाणी प्यावं, हा नुसता खर्च नाही, हा गावाचा अपमान आहे. हे मी त्या रात्री जेवताना इतक्या आवेशानं मांडलं, की चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर केली. साडू म्हणाले, "व्वा! हे मी वर्गात सांगीन." मला आनंद झाला. थोडा जास्तच झाला. दुसऱ्या दिवशी तो उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला गेलो. परतताना पसरणीच्या घाटात, एका वळणावर, डोंगरातून उतरलेली एक बाई करवंदं घेऊन बसली होती. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यात काळीभोर, टपोरी करवंदं. डोंगराची काळी मैना म्हणतात ती हीच. साडूंनी काच खाली केली.

"कशी दिली?"

"तीसाला द्रोण, सायेब."

"तीस? पन्नासला दोन दे."

"न्हाई परवडत. सकाळधरनं काट्यात हाय, हात बघा की." तिनं हात पुढे केले. करवंदीच्या जाळीत हात घातलेल्याला ते काटे माहीत असतात. दुहेरी आणि दाभणासारखे. कोपरापर्यंत लाल रेघा होत्या. काही ताज्या, काही गेल्या आठवड्याच्या.

साडूंनी गाडीचा गिअर टाकल्यासारखं केलं. ही विद्या आपल्या सगळ्यांना येते; ती शिकायला रविवारच्या वर्गाला जावं लागत नाही. गाडी फूटभर पुढे सरकली, आणि बाई म्हणाली, "घ्या, घ्या. पन्नास द्या."

दहा रुपये वाचले. साडू खुशीत शीळ घालू लागले. हाच माणूस आदल्या संध्याकाळी ताटलीत शंभराची नोट ठेवून मागे वळून न बघता उठला होता. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो! धोमच्या धरणाचं पाणी खाली चमकत होतं आणि मी साडूंवर एक अख्खं भाषण रचत होतो. छत्रीला तीनशे नव्वद देणाऱ्यांनो, काट्याला तीस देताना तुमचा हात का आखडतो, वगैरे.

तेवढ्यात मागच्या सीटवरून सौ. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बरी घासाघीस केलीत. आमच्या ह्यांनी गेल्या आठवड्यात वीसला एक आणला होता."

भाषण तिथेच संपलं.

खरं सांगतो, आणला होता. आणि आणल्यावर घरी येऊन तो विजय सांगितलाही होता. तेव्हा हे जे मी साडूंविरुद्ध लिहितोय ते अर्धं माझ्याविरुद्ध आहे, हे वाचकांनी आणि मुख्य म्हणजे साडूंनी लक्षात घ्यावं. असं का होतं, याचा मी गाडी घरी पोचेपर्यंत विचार केला. रिसॉर्टमध्ये भाव छापलेला असतो. छापलेल्याशी वाद घालायची आपल्याला लाज वाटते. बाई भाव तोंडानं सांगते, आणि तोंडी गोष्टीवर आपला विश्वास नाही. शिवाय ती खाली बसलेली असते आणि आपण गाडीत. पेल्यातली छत्री बघून आपल्याला वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी कष्ट घेतलेत. कष्टानं ओरखडलेले हात बघून मात्र आपण भाव पाडतो. निवांतपणा विकत घेताना आपण उदार असतो आणि फळ विकत घेताना व्यापारी. मला वाटतं, आपल्या उन्हाळी संध्याकाळी बेचव होण्याचं कारण सरबताच्या कृतीत नाही, इथे आहे.

संध्याकाळी साडूंनी ओसरीवर दुकान मांडलं. शेकर धुतला, लिंबं कापली, बर्फासाठी फ्रिज उघडला आणि लाइट गेली. मे महिन्यात आमच्याकडे लाइट जाणं ही नैसर्गिक घटना आहे. बर्फाच्या भांड्यातलं पाणी दुपारी चिरंजीवांनी प्यायलं होतं आणि दुसरं भरलेलं पाणी अजून पाणीच होतं. बर्फ नाही म्हटल्यावर साडूंचं सगळं शास्त्र लटकं पडलं. "बर्फाशिवाय कॉकटेल होतच नाही," ते अंधारात म्हणाले.

"माठ आहे," सौ. म्हणाली.

त्या वाक्यानंतर सत्ता बदलली.

आता कृती. पूर्ण पिकलेली काळी करवंदं दोन वाट्या घ्यायची. लाल राहिलेली बाजूला काढायची, त्यांचा चीक घशाला धरतो. ती लोणच्याला चालतात. काळी धुऊन वाटीभर पाण्यात पाचेक मिनिटं उकळायची. निवली की हातानं कुस्करायची. हे काम मुलांना द्यावं. आमच्या चिरंजीवांनी त्यासाठी मोबाइल खाली ठेवला, कारण दोन्ही हात जांभळे झाल्यावर त्यांना दुसरा इलाज उरला नाही. मग गाळून घ्यायचं. आंबट झालं. गोडाला पाऊण वाटी चिरलेला गूळ. करवंदं फार आंबट असली तर थोडा वाढवावा. खारटाला पाव चमचा सैंधव. मसाल्याला चमचाभर जिरं भाजून, चार-पाच मिरे आणि अर्धा इंच आलं ठेचून. आणि पाचवं, चार पेले माठातलं पाणी. सारखं करायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास कृतीचा भाग आहे. तो वगळू नये.

साहेबाच्या पंचातला अरक गेला आणि त्याच्या जागी मीठ आलं. बाकी हिशेब तोच. १९४४ च्या जुलैत गांधीजी इथे पाचगणीत मुक्कामाला होते. त्यांचं पेय म्हणजे गरम पाणी, लिंबू आणि मध. जिन्नस तीनच. पण ते महात्मा होते. आपल्यासारख्यांना पाच लागतात.

करवंदाची आंबट वाट सगळ्यांनाच धरावी लागते असं नाही. मे महिन्यात कैरी आहे: उकडा किंवा निखाऱ्यावर भाजा, गर काढा, पन्हं करा. घाटाखाली पोलादपूरकडे गेलात तर कोकम आहे. मेअखेर जांभळं येतात. जिन्नस बदला, आकडा बदलू नका: आंबट, गोड, खारट, मसाला, पाणी. मधुमेह्यांनी गूळ चिमूटभर घालून बाकीचा मनानं घालावा.

गाळायची वेळ आली तेव्हा अंधारात आमची गाळणी सापडेना. साडूंनी पेटीतून आपली तार लावलेली गाळणी काढली आणि मेणबत्तीच्या उजेडात इतकी सुंदर गाळली करवंदं, की एकही बी पेल्यात आली नाही. शेकरमध्ये मसाला घालून हलवलाही. मला कबूल केलं पाहिजे, त्यानं चव सगळीकडे सारखी लागली. पुण्याचा वर्ग अगदीच वाया गेला नव्हता. जिगरनं मात्र काही मोजलं नाही, सौ.ची जिगर डोळ्यात आहे.

आम्ही पाचजण ओसरीच्या पायरीवर बसलो. हातात स्टीलचे पेले. सिल्व्हर ओकच्या झाडांतून वारा येत होता, त्याला बर्फ लागत नाही. खालच्या खोऱ्यात वाईकडचे दिवे लागले होते. लाइट फक्त आमची गेली होती. पहिल्या घोटाला साडूंनी डोळे मिटले. आंबटानं मिटले की समाधानानं, ते अंधारात कळलं नाही. पण पेला पुन्हा पुढे आला. मग मेहुणीनं त्यांच्या लहानपणच्या कऱ्हाडच्या वाड्यातली एक गोष्ट काढली, सौ.नं ती दुरुस्त केली, मेहुणीनं दुरुस्ती दुरुस्त केली, आणि दोघी बहिणी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. चिरंजीवांनी विचारलं, "आई, हे मला कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तू कधी बसला होतास?"

नऊ वाजता लाइट आली, आणि सगळ्यांनी मिळून "अरे!" केलं. लाइट आल्याचं कुणालाच वाईट वाटू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

साडूंची जिनची बाटली उघडायची राहिली. याला मी नैतिक विजय म्हणणार नाही. सौ.नं ती देव्हाऱ्यापासून इतकी लांब ठेवली होती, की अंधारात सापडली नाही.

चौथ्या दिवशी मंडळी निघाली. तासाभरानं साडूंचा फोन आला, वाईतून. "भाऊसाहेब, ती बाई होती त्याच वळणावर. पाच द्रोण घेतले. तीसनं. एका शब्दानं बोललो नाही."

मला भरून आलं. म्हटलं, माणूस बदलतो.

"दोनशेची नोट दिली," साडू पुढे म्हणाले, "तर बाई म्हणते, सुटे न्हाईत. आता पन्नास सोडून कसं यायचं? मग दोन द्रोण आणखी घेतले. पन्नासला दोन पडले!"

फोन ठेवून मी बराच वेळ हिशेब केला. बाईला दोनशे मिळाले, साडूंना सात द्रोण आणि शिवाय भाव पाडल्याचं समाधानही मिळालं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो यातल्या कुणाच्या बाजूनं बोलला ते मला ठरवता आलं नाही. मग मी पिशवी घेतली आणि घाटाकडे चालू लागलो. गेल्या आठवड्याचे माझे दहा रुपये देणं होते.